जेंडर बजेट म्हणजे महिलांसाठी वेगळा राखून ठेवलेला निधी असतो का?

नाही, वेगळा निधी नसतो. सरकारच्या नेहमीच्याच खर्चातला किती भाग महिला आणि मुलींसाठी आहे, हे दाखवणारं ते विवरणपत्र आहे. केंद्र सरकार ते 2005-06 पासून अर्थसंकल्पासोबत मांडतं. अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांतल्या एक्सपेंडिचर प्रोफाइल या खर्चाच्या तपशिलातलं 13 क्रमांकाचं स्टेटमेंट उघडा, योजनांची नावं आणि रकमा तिथे सापडतील:

- पार्ट ए: 100 टक्के तरतूद महिलांसाठी
- पार्ट बी: 30 ते 99 टक्के
- पार्ट सी: 30 टक्क्यांहून कमी (हा अलीकडे जोडला)

2025-26 मध्ये एकूण बेरीज सुमारे 4.49 लाख कोटी रुपये, म्हणजे अर्थसंकल्पाच्या 8.86 टक्के होती. पण हा आकडा जसाच्या तसा धरू नका. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेची तरतूद वर्षानुवर्षं पार्ट एमध्ये दाखवली गेली आहे; घर मात्र नवरा-बायकोच्या संयुक्त नावावरही मिळतं, आणि राहतं सगळं कुटुंब. म्हणून आधी घरकुलाची रक्कम वजा करा आणि उरलेल्यात मुलींच्या शिक्षणाला, सुरक्षिततेला किती आलं ते पाहा. शिवाय या तरतुदी आहेत. प्रत्यक्ष खर्च किती होतो आहे हे सुधारित अंदाजाशी, म्हणजे वर्ष सरत असताना सरकारने सुधारलेल्या आकड्यांशी, ताडल्यावर कळू लागतं.