मुलांना जगभरातल्या लोककथा वाचून दाखवाव्यात की तोंडी सांगाव्यात? सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न वाचला. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी नऊची, घरात जगातल्या लोककथांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक येऊन पडलंय, वाचायला बसलं की दुसऱ्या पानावर धाकटा पळतो, मोठी म्हणते नावंच काहीतरी विचित्र आहेत, आणि शेवटी यूट्यूब लागतं. अहो हे घरोघरी चालतं, टेन्शन घेऊ नका. मी आमच्या भागातल्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी मुलांना गोष्टी सांगते, बरीच वर्षं झाली, शिवाय घरी भाचरं आहेतच, तेवढ्या अनुभवावर लिहितेय.

माझं म्हणाल तर लोककथा तोंडीच सांगावी, आणि जगाची सुरुवात मुलांना आधीच पाठ असलेल्या गोष्टीपासून करावी. "आज आपण इराण देशाची लोककथा ऐकणार आहोत" असं म्हटलं की मुलांना तास सुरू झाल्यासारखं वाटतं, डोळे लगेच पंख्याकडे जातात.

म्हणून आधी भोपळा काढा. चल रे भोपळ्या टुणूक टुणूक धाकट्याला येत असेलच. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत कोल्हा भेटतो, वाघ भेटतो, तुला खातो म्हणतात, ही म्हणते लेकीकडे जाऊ दे, तूप-रोटी खाऊ दे, लठ्ठ होऊन येते मग खा, आणि परत येते ती भोपळ्यात बसून. तर हीच म्हातारी इराणमध्ये पण आहे. तिथे तिला लांडगा, बिबट्या आणि सिंह भेटतात, आणि ती सांगते की लेकीकडे जाऊन पुलाव खाते, जाडजूड होते, मग खा मला. येताना भोपळाच, फक्त तो उड्या मारत नाही, गडगडत येतो, आणि कुणी अडवलं की आतून आवाज येतो, मी नाही बाई कुठली म्हातारी पाहिली, मला जरा धक्का दे म्हणजे मी जाते पुढे. बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी (सत्यजित रायांचे आजोबा) १९१० साली मुलांसाठी ज्या गोष्टी छापल्या त्यात ती कुबडी म्हातारी आहे, जाते नातीकडे, येते सुकलेल्या दुधी भोपळ्यात बसून, आणि तिचं गाणं साधारण असं की लाऊ गुडगुड लाऊ गुडगुड, पोहे खाते चिंच खाते, चिंचोके टाकते टुलटुल, म्हातारी गेली लांब लांब. पोर्तुगालमध्ये पण आहे ही बाई! तिथे लांडगा, तिथेही भोपळा, आणि "पळ पळ भोपळ्या" अशाच अर्थाचं गाणं.

आता ही कुठून कुठे गेली, आधी कुणाची, ते अभ्यासकांना भांडू दे. मुलांना मजा वेगळ्याच गोष्टीत येते. मी इराणची म्हातारी पहिल्यांदा सांगितली तेव्हा पुढे बसलेली एक मुलगी एकदम म्हणाली, "मावशी, पण तूप-रोटी कुठाय?" मी म्हटलं तिकडे पुलाव. त्यावर मागून एकजण, "मग आपल्याकडची आत्ता गेली तर काय खाईल?" आणि त्यावरून जी बोंबाबोंब झाली, बिर्याणी, पुरणपोळी, एकाने मॅगी सांगितलं तर दुसरा म्हणे मॅगी खाऊन कुणी लठ्ठ होत नाही, त्याची आई खाते. गोष्ट राहिली बाजूला. पण घरी जाताना तीच पोरं जिन्यावर गुडगुड गुडगुड करत उतरत होती, आणि ग्लोब काढा असं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, पुढच्या शनिवारी त्यांनीच विचारलं की इराण कुठे आहे.

मोठीसाठी माकड आणि मगर घ्या. जांभळाचं झाड, मगरीच्या बायकोला माकडाचं काळीज हवं, माकड म्हणतं अरे काळीज झाडावरच राहिलं, चल परत. पंचतंत्रातली, बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या जातककथांतही आहे. बौद्ध भिक्षूंबरोबर या गोष्टी पूर्वेकडे गेल्या आणि कोरियात माकडाचा ससा झाला, समुद्राचा नागराजा आजारी पडतो, औषध म्हणून सशाचं यकृत पाहिजे, मग कासव जमिनीवर येऊन सशाला थापा मारून पाण्यात घेऊन जातं आणि ससा म्हणतो यकृत ना, ते घरी ठेवून आलोय. कोरियाच्या ११४५ सालच्या इतिहासग्रंथात पण ही गोष्ट येते, शत्रूच्या कैदेत अडकलेल्या एका राजपुरुषाला कुणीतरी ती सांगतं, आणि त्याला बरोबर कळतं की आपणही असंच काहीतरी खोटं कबूल करून सटकायचं! नऊ वर्षांच्या मुलीला हे जाम आवडतं, की गोष्ट ऐकून माणूस तुरुंगातून सुटला. जपानमध्ये परत माकडच आहे, पण तिथे जेलीफिशला पाठवतात, ते वाटेत बडबड करून सगळा बेत फोडतं आणि शिक्षा म्हणून त्याला इतकं बडवतात की अंगात एक हाड उरत नाही. आणि पश्चिमेला झांझिबारकडे गेलात तर स्वाहिलीत मगरीच्या जागी शार्क. त्यात माकड शार्कला वर आणखी एक गोष्ट ऐकवतं, धोब्याच्या गाढवाची, ज्याला सिंहाने मारलं पण आत काळीज सापडलं नाही. पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रातही माकड-मगरीच्या पोटात गाढवाचीच गोष्ट आहे. म्हणजे ही जोडगोळी समुद्र ओलांडून एकत्र गेलीय, सामान न हरवता.

चिऊ-काऊचंही असंच, रशियात कोल्हीचं घर बर्फाचं आणि सशाचं झाडाच्या सालीचं, वसंतात बर्फ वितळतो आणि कोल्ही सशालाच घराबाहेर काढते. आपल्या चिमणीसारखं "थांब माझ्या बाळाला तीट लावते" वगैरे तिथे नाही, तिथे शेवटी एक कोंबडा खांद्यावर विळा टाकून येतो आणि कोल्हीला हाकलतो. पाच वर्षांच्याला एकदम चालेल.

आता सांगायचं कसं. इंग्रजी पुस्तक हातात धरून त्याच क्षणी मराठी करत वाचणं ही सगळ्यात वाईट पद्धत, मी भल्याभल्या आईबाबांना त्यात धापा टाकताना बघितलंय. "आणि मग तो, म्हणजे तो कोळी, तो त्या, काय म्हणतात त्याला..." इथेच मूल गेलं. त्यापेक्षा दुपारी चहा पिताना ती गोष्ट एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा, आणि भांडी घासताना नाहीतर ट्रेनमध्ये मनातल्या मनात एकदा सांगून बघा. शब्द पाठ करायचे नाहीत. कोण, कशासाठी निघालं, कुणी अडवलं, कसं सुटलं एवढं डोक्यात राहू दे. पाठ फक्त तीन गोष्टी, पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य आणि परत परत येणारं जे गाणं किंवा वाक्य असेल ते. गाणं मात्र तंतोतंत, त्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर पाच वर्षांचा तुम्हाला सोडणार नाही. आणि परत येणारं वाक्य तिसऱ्यांदा आलं की तुम्ही गप्प बसायचं, तो म्हणतो.

पहिल्या वाक्याची पण गंमत असते. आपल्याकडे आटपाट नगर होतं, तसं तुर्कस्तानात सुरुवातच अशी होते की होतं पण आणि नव्हतं पण, उंट दवंडी पिटायचे, पिसवा हजामत करायच्या आणि मी माझ्या आईबापाचा पाळणा हलवत होतो तेव्हाची गोष्ट. हैतीमध्ये सांगणारा ओरडतो "क्रिक?" आणि ऐकणारे सगळे "क्राक!" म्हणाले तरच गोष्ट पुढे. हे घरी लावून बघा, दिवे मालवल्यावर क्रिक म्हटलं की गादीवरून क्राक येतोच, आणि नाही आला तर झोपलेत, तुमची सुटका.

नावांचं तुम्ही विचारलंय, बदलू का म्हणून. नका बदलू. घानाच्या गोष्टींत अनान्सी नावाचा जाळं विणणारा कोळी असतो, त्याचा अनंत केला की तो आपल्याच गल्लीतला होतो, मग घानापर्यंत जायचं तरी कशाला. मुलांना डायनॉसॉरची नावं तोंडपाठ असतात हो, अनान्सी काय जड आहे. अवघड आपल्याला वाटतं. फक्त एका गोष्टीत दोनच नवी नावं ठेवा, बाकीच्यांना राजा, म्हातारा, शेजारीण म्हणा.

आणि अनान्सी मोठीला सांगाच. घानातल्या अकान लोकांचा हा कोळी, जगातल्या सगळ्या गोष्टी न्यामे नावाच्या आकाशदेवाकडे असतात आणि ह्याला त्या विकत पाहिजेत. देव किंमत सांगतो, अजगर आण, बिबट्या आण, गांधीलमाश्या आण. एवढासा कोळी! गांधीलमाश्यांसाठी तो काय करतो तर थोडं पाणी त्यांच्या पोळ्यावर ओततो, थोडं स्वतःच्या अंगावर, डोक्यावर केळीचं पान धरतो आणि म्हणतो, बायांनो पाऊस आला की, भिजताय कशाला, या माझ्या भोपळ्यात बसा (भोपळा इथेही सुटत नाही). त्या आत गेल्या की बूच. अजगराच्या वेळी तर मी मध्येच थांबते आणि मुलांना विचारते की तुम्ही कसा बांधला असता, उत्तरं ऐकण्यासारखी असतात. खरी युक्ती अशी की अनान्सी एक लांब काठी घेऊन बायकोशी भांडल्याचं नाटक करतो, अजगर मोठा का काठी मोठी, आणि अजगर बिचारा मापायला म्हणून स्वतःच काठीला लागून आडवा पडतो.

फक्त याला "आफ्रिकेतली गोष्ट" म्हणू नका, आफ्रिका केवढी आहे, घाना म्हणा, अकान म्हणा. आणि हाच कोळी जमैकात पण कसा काय भेटतो असं नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं तर खरं सांगा, की घानाकडच्या माणसांना पकडून, गुलाम करून जहाजांतून तिकडे नेलं आणि त्यांच्याबरोबर काहीच सामान नव्हतं तरी गोष्टी गेल्या. मुलं हे ऐकून घेतात. बलवानाला बुद्धीने फसवणारा एवढासा कोळी त्या लोकांना का जवळचा वाटला असेल ते मला समजावून सांगावं लागलेलं नाही.

भीती वाटेल अशा गोष्टींचं पण कुणीतरी विचारतंच. रशियाची बाबा यागा कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या झोपडीत राहते, उखळात बसून उडते आणि माणसं खाते, हे सांगायचं का? मी सांगते, पाच वर्षांच्याला जरा हळू आवाजात आणि मांडीवर घेऊन. आपल्या कावळ्याला पण तव्यावर बसवून चटका देतातच की, त्याने कुणी बिघडलं नाही. तोंडी सांगण्याचा फायदा इथेच आहे, समोरचा चेहरा बघून बाबा यागाला तुम्ही लांबून उडवत नेऊ शकता, छापलेल्या पानाला चेहरा दिसत नाही. तसं ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये पहिला भाग काढला तेव्हा हॅन्सेल-ग्रेटेलला जंगलात सोडा म्हणणारी त्यांची सख्खी आई होती, पुढच्या आवृत्त्यांमध्ये तिची सावत्र आई केली. तेव्हा गोष्टीत थोडा बदल केला तर पाप लागेल असं काही नाही. शेवट मात्र गुळगुळीत करू नका, कोल्हीने सॉरी म्हटलं आणि सगळे मित्र झाले असलं काही, मुलांना ती चीटिंग वाटते. तात्पर्यही विचारू नका, ते शाळेत विचारतात तेवढं बास.

मग वाचून काय दाखवायचं? जिथे लेखकाची भाषा हीच मजा आहे ते, मराठीत मूळ लिहिलेलं किंवा चांगलं अनुवादित केलेलं. सोव्हिएत काळात मॉस्कोहून मराठीत छापून आलेली रशियन पुस्तकं कुणाच्या माळ्यावर असतील तर मागून घ्या, चित्रं अप्रतिम. फुकट हवं असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रगोष्टी मिळतात, आफ्रिकन स्टोरीबुकच्या गोष्टीही त्या साइटवर आहेत, आणि अरविंद गुप्तांच्या साइटवर मराठी पुस्तकांच्या पीडीएफ आहेत. मोबाईलवर दाखवू नका, मोठ्या पडद्यावर किंवा प्रिंट काढून, नाहीतर वरून नोटिफिकेशन आलं की गोष्ट संपली. यूट्यूब वाईट नाही पण तिथे मध्ये "मावशी, तूप-रोटी कुठाय" विचारता येत नाही.

आणि मोठीचं एक सुचवते. जपानमध्ये १९३० च्या आसपास सायकलवर लाकडी चौकट घेऊन मिठाईवाले फिरायचे, मिठाई घेणाऱ्या मुलांना एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगायचे, कामिशिबाई म्हणतात त्याला, आणि मजकूर चित्राच्या मागे लिहिलेला असतो म्हणजे दाखवणाऱ्याला वाचता येतो. आपल्याकडे कुडाळजवळ पिंगुळीचे चित्रकथी चित्रं एकामागून एक दाखवत रामायणातली आख्यानं लावतात, जवळपास तोच थाट. तर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिला अजगर, बिबट्या, गांधीलमाश्या काढू द्या, मागे दोन-दोन ओळी लिहू द्या, आणि धाकट्याला गोष्ट तीच सांगू दे. तुम्ही "क्राक" म्हणायला बसा.