पेठ न सांगता घर नंबर: ब्रेकपॉइंटच्या पत्त्यांची प्रश्नोत्तरे

ब्रेकपॉइंट, म्हणजे चालता प्रोग्रॅम थांबवायची जागा, कुठल्या पत्त्यावर लावायचा यावर पुन्हा तीच पत्रं. ४१२ नंबरचं घर सदाशिव पेठेत असू शकतं, नारायण पेठेतही असू शकतं. नुसतं "४१२" म्हटलं तर रिक्षावाला कुठे नेणार? एव्हीआर आणि ८०५१ या मायक्रोकंट्रोलर चिपमध्ये प्रोग्रॅमची मेमरी वेगळी, डेटाची वेगळी, आणि दोन्हींची मोजणी शून्यापासून. तरी लोक मला नुसता आकडा पाठवतात. खालचे सगळे पत्ते हेक्समध्ये (१६ च्या पायावर) आहेत.

प्रश्न: एटीमेगा३२८पी या एव्हीआर चिपच्या डेटाशीटमध्ये पहिल्या बाह्य इंटरप्टचा व्हेक्टर (इंटरप्ट आला की चिप जिथे उडी मारते ती जागा) २ वर आहे, माझ्या कंपायलरच्या लिस्टिंगमध्ये ४ वर. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. डेटाशीट १६ बिटांचे वर्ड मोजतं, लिस्टिंग बाइट मोजतं.

प्रश्न: मित्र म्हणाला, डीबगरमध्ये (प्रोग्रॅम थांबवून तपासायच्या साधनात) पत्ता नेहमी दुप्पट करून द्यायचा. बूटलोडर (चिपमध्ये नवा प्रोग्रॅम भरणारा छोटा प्रोग्रॅम) डेटाशीटप्रमाणे ३८०० ला सुरू होतो, म्हणून मी ७००० वर ब्रेकपॉइंट मागितला. जीडीबी या डीबगरने तो ८०७००० वर लावला आणि प्रोग्रॅम काही थांबत नाही.

गुणाकार बरोबर, पेठ चुकली. एव्हीआरच्या जीसीसी-जीडीबीत फ्लॅश (प्रोग्रॅमची मेमरी) शून्यापासून, एसरॅम (डेटाची) ८००००० पासून आणि ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणाऱ्या डेटाची) ८१०००० पासून धरलेली असते. चिपला हे आकडे ठाऊकही नाहीत. सगळ्या मेमरी एकाच पट्टीवर मांडता याव्यात म्हणून साधनांनी केलेली ती सोय आहे. तुम्ही नुसता आकडा दिलात, जीडीबीने तो डेटाचा समजून पुढे ८ लावला. ३२८पीची एसरॅम २ केबी, तेव्हा त्या पत्त्यावर काहीच नाही.

फंक्शनचं नाव द्या, नाहीतर फाइल आणि ओळ. आणि मित्राचं "नेहमी" सोडा. प्रोग्रॅममधून फंक्शन पॉइंटर सीरियलवर छापलात तर वर्डचा पत्ता मिळतो, तो दुप्पट करावा लागतो. मॅप फाइलमधला (लिंकरने काढलेल्या पत्त्यांच्या यादीतला) पत्ता आधीच बाइटचा असतो. तो दुप्पट केलात तर भलत्याच फंक्शनात जाऊन बसाल. बूटलोडर दुसऱ्याचा असेल तर अंदाज न बांधता त्याच्याकडून ईएलएफ फाइल (नावं आणि पत्ते दोन्ही असलेली) मागा.

प्रश्न: ८०५१ वर ३० या पत्त्यावर काय असतं?

कुठल्या ३० वर? कोड, आतली रॅम की बाहेरची? काइल या ८०५१ च्या साधनात आकड्याआधी सी, डी, आय किंवा एक्स हे अक्षर आणि विसर्गासारखं चिन्ह (:) लावायची सोय त्यासाठीच आहे. सर्किट तुमचं नसेल तर ज्याने काढलं त्याला आधी विचारा. काही बोर्डांवर बाहेरची रॅम मुद्दाम कोड म्हणूनही वाचता येईल अशी जोडलेली असते. मॉनिटर प्रोग्रॅमला (बोर्डावरच राहून डीबगिंग करणाऱ्याला) ब्रेकपॉइंट तिथेच लिहावे लागतात.

प्रश्न: आम्ही ३२८पीवर छोट्या बॅच काढतो. नव्या डीबगरच्या खोक्यावर "अमर्याद ब्रेकपॉइंट" लिहिलंय. त्याने डीबग केलेले बोर्ड गिऱ्हाइकाला दिले तर चालतील?

नाही. आणि हे खोक्यावर बारीक अक्षरांतही छापत नाहीत म्हणून माझं डोकं फिरतं.

डीबगवायरवर (३२८पीची एका तारेची डीबगिंगची जोडणी) हार्डवेअर ब्रेकपॉइंट, म्हणजे चिपमध्येच बसवलेला, मिळतो एक. बाकीचे "अमर्याद" कुठून येतात? डीबगर तुमच्या फ्लॅशमधली मूळ सूचना काढून तिथे ९५९८, म्हणजे ब्रेक ही सूचना, लिहितो. फ्लॅशमध्ये दोन बाइट सुटे बदलता येत नाहीत, १२८ बाइटचं अख्खं पान पुसून पुन्हा लिहावं लागतं. ब्रेकपॉइंट काढताना तेच परत. डेटाशीटमध्ये फ्लॅशला हमी आहे १०,००० वेळांची.

"एवढे कोण लिहितंय" असं मला दर वेळी ऐकवतात. तुम्हीच लिहिता, नकळत. जीडीबी थांबला की एरवी सगळे ब्रेकपॉइंट काढतो आणि पुढे निघताना पुन्हा लावतो. डीबगर शहाणा असेल तर ते फ्लॅशपर्यंत पोचू देत नाही, आडदांड असेल तर प्रत्येक थांब्याला दोन लेखन. त्यात लूपमध्ये अटीचा ब्रेकपॉइंट लावा. अट तपासतो तुमचा पीसी, त्यामुळे अट खोटी असली तरी चिप दर फेरीला थांबतेच. सेकंदाला दोन फेऱ्या, म्हणजे चार लेखनं. २५०० सेकंदांत हमी संपली. तुम्ही जेवून परत येईपर्यंत. त्या घडीला चिप मरत नाही, पण त्या पानातला मजकूर किती वर्षं टिकेल याची खात्री जाते, आणि बिघाड होईल तो गिऱ्हाइकाच्या कारखान्यात. डीबगिंगसाठी वापरलेल्या चिप गिऱ्हाइकाकडे पाठवू नयेत, असं या चिपच्या डेटाशीटमध्येच सांगितलेलं आहे.

डीबगिंगचे दोन बोर्ड वेगळे काढा आणि त्यांवर लाल रंगाचा ठिपका मारा. डीबगर फ्लॅशवर नेमकं कधी लिहितो हे विक्रेत्याला लेखी विचारा. उत्तर टाळलं तर खरेदी थांबवा. आधी गेलेल्या बोर्डांबद्दल चिप उत्पादकाच्या सपोर्टचा सल्ला घ्या; मी इथून अभय देऊ शकत नाही.

प्रश्न: डीबगवायर चालू केल्यापासून आयएसपी प्रोग्रॅमरला (चिप बोर्डावर असतानाच प्रोग्रॅम भरणाऱ्या साधनाला) चिप सापडत नाही. दुकानदार म्हणाला, मेली, नवी घ्या. चार महिने बोर्ड पडून आहे.

चार महिने? डीडब्ल्यूईएन फ्यूज (डीबगवायर चालू करणारी चिपमधली सेटिंग) लागला की रीसेटची पिन डीबगवायरकडे जाते, म्हणून आयएसपी बंद. चिप बहुधा जिवंत आहे. डीबगरमधूनच डीबगवायर तात्पुरतं बंद करायची आज्ञा द्या, वीज न तोडता लगेच आयएसपीने फ्यूज काढा. डीबगरही जोडला जात नसेल तर रीसेटच्या तारेवरचा कपॅसिटर आधी सोडवा. अर्दुइनो उनोवर त्यासाठी तोडायची रेघ दिलेली आहे. सोल्डरिंगची सवय नसेल तर सवय असलेल्याकडून करून घ्या. फ्यूज तसाच ठेवू नका, झोपेतही क्लॉकचा काही भाग चालू राहतो आणि बॅटरी खातो.

प्रश्न: व्हेरिएबल बदलला की थांबेल असा ब्रेकपॉइंट ३२८पीवर लावता येईल का?

हार्डवेअरमध्ये नाही. जीडीबी एकेक सूचना चालवून तपासत बसेल आणि तुम्ही चहा पीत. नेहमीची गरज असेल तर जेटॅग (डीबगिंगची दुसरी जोडणी) असलेली चिप पाहा, एटीमेगा२५६० सारखी. पण बोर्ड बदलण्याआधी हार्डवेअरवाल्याशी बोला.