वाचकांचे प्रश्न : परदेशी वाढणारे मूल आणि घरची भाषा

प्रश्न : आम्ही परदेशी स्थायिक झालो तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. आता ती शाळेत जाऊ लागली असून, आम्ही मातृभाषेत बोललो तरी उत्तर शाळेच्या भाषेतच देते. घरातही शाळेचीच भाषा बोलावी, म्हणजे तिची प्रगती लवकर होईल, असे वर्गशिक्षिकेने सुचवले आहे. तसे केल्यास ती आपल्या संस्कृतीपासून तुटेल आणि न केल्यास अभ्यासात मागे पडेल, अशा कोंडीत आम्ही आहोत. भाषा सुटली तरी सण, गाणी, गोष्टी यांतून वारसा टिकू शकेल का?
– एक वाचक

उत्तर : शिक्षिकेचा हेतू चांगला असेल, परंतु हा सल्ला आपण मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शाळेची भाषा वर्ग, मैदान आणि मैत्रिणी तिला रोज शिकवणारच आहेत. घरची भाषा देणारे मात्र तेथे बहुधा आपण दोघेच आहात. शिवाय ज्या भाषेत आपल्याला मनातले नेमके सांगता येते, समजूत घालता येते आणि रागावताही येते, तिच्यातच मुलाशी सखोल संवाद होतो. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क कराराच्या 29 व्या कलमात, मुलाचे पालक, त्याची स्वतःची सांस्कृतिक ओळख आणि भाषा यांविषयी आदर वाढवणे हे शिक्षणाचे एक उद्दिष्ट मानले आहे, आणि त्याच कलमात मूल राहते त्या देशाच्या व ज्या देशातून आले त्या देशाच्या मूल्यांचा आदरही सांगितला आहे. शिक्षिकेशी बोलताना आपण याचा आधार जरूर घ्यावा.

लहानपणी आलेली भाषा आपोआप टिकते, हा समज मात्र सोडून द्यावा लागेल. कोरियात जन्मलेल्या आणि तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या काही व्यक्तींचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांना कोरियन वाक्ये इतर अनोळखी भाषांतील वाक्यांपासून वेगळी ओळखता आली नाहीत. आठ वर्षांपर्यंत बोललेली भाषाही वापर पूर्ण थांबल्यास अशी पुसली जाऊ शकते, ही गोष्ट मला अतिशय अस्वस्थ करते. दुसरीकडे, बेल्जियमच्या डचभाषक भागातील सुमारे 1,900 बहुभाषक कुटुंबांची पाहणी भाषाशास्त्रज्ञ अनिक द हावर यांनी 2007 मध्ये मांडली. जेथे आई आणि वडील दोघेही घरात केवळ आपली भाषा बोलत, अशा जवळजवळ 97 टक्के कुटुंबांत मुले ती भाषा बोलत होती. एक पालक दोन्ही भाषा आणि दुसरा केवळ डच बोलत असेल, तेथे हे प्रमाण सुमारे 36 टक्क्यांवर आले. म्हणून पतीपत्नींनी आपसातही कोणती भाषा बोलायची, हे आधी ठरवावे.

मुलगी शाळेच्या भाषेत उत्तर देते याचा अर्थ तिला आपले बोलणे समजते, आणि ही जमेची बाजू आहे. तिला टोकू नये, सर्वांसमोर बोलून दाखवायला तर मुळीच लावू नये. तिचेच म्हणणे आपल्या भाषेत सहज पुन्हा उच्चारून संभाषण पुढे न्यावे. तीच भाषा बोलणारी समवयस्क मुले भेटू शकली, तर फार मोठी मदत होईल, कारण केवळ आईवडिलांशी बोलायची भाषा मुलांना लवकरच लहानपणाची वाटू लागते.

सण आणि गाणी यांविषयी : भाषा गमावलेली कुटुंबे वारशाला पारखी होतात, असे मी म्हणणार नाही; अनेकांनी तो श्रद्धेने जपला आहे. परंतु सण वर्षातून मोजकेच येतात, आणि मुलाला त्यामागचे 'का' विचारता आले नाही, तर पोशाख आणि छायाचित्रे एवढेच त्याच्या वाट्याला येते. तयारीतले एखादे काम पूर्णपणे मुलीकडे सोपवून पाहावे.

प्रश्न : आमचा नातू परदेशी आहे. व्हिडिओ कॉलवर तो दोन मिनिटांत उठून जातो. अशा बोलण्याचा काही उपयोग होतो का?
– एक आजोबा

उत्तर : निश्चित होतो, मात्र ते बोलणे दुतर्फा हवे. 2014 च्या एका अभ्यासात दोन ते अडीच वर्षांची मुले समोरासमोर जसे नवे शब्द शिकली, तसेच ती व्हिडिओ कॉलवरील थेट संभाषणातूनही शिकली. आधीच चित्रित करून ठेवलेल्या चित्रफितीतून मात्र शिकली नाहीत. पलीकडचा माणूस आपल्याला प्रतिसाद देतो आहे की नाही, यावर सारे अवलंबून होते. म्हणून "काय जेवलास, शाळा कशी आहे" या चौकशीऐवजी दोघांनी मिळून काही करावे. एकच पुस्तक दोन्ही घरी ठेवून आपण ते वाचावे आणि त्याने पाने उलटावीत, किंवा गोष्ट ऐन रंगात आली असताना थांबवून पुढे काय झाले असेल ते त्याला सांगू द्यावे. तो दोन मिनिटांत उठला तर उठू द्यावे. कॉल छोटा असला तरी चालेल, पण आठवड्यातून अनेकदा आणि ठरलेल्या वेळी व्हावा.