पगाराचं विचारलं तर काढून टाकतील का?

बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या मुलांचे पालक माझ्याकडे येतात, तेव्हा बोलणं बहुतेक वेळा दुसऱ्याच विषयावरून सुरू होतं. झोप लागत नाही, बीपी वाढलंय, धाकट्याचं लग्न जमत नाही. उठता उठता मग खरी गोष्ट बाहेर पडते. "वर्कशॉपात महिन्याला चारशे रुपये देतात. जास्त मागितले तर उद्यापासून पाठवू नका म्हणतील. विचारावं काय नको?"

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा ३१ वर्षांचा. घरात त्याला सगळे दादा म्हणतात, मीही तेच म्हणते. आठ वर्षं तो बेळगावातल्या एका संस्थेच्या कार्यशाळेत जातोय. सकाळी गाडी नेते, संध्याकाळी आणून सोडते. कागदी पिशव्या करायच्या, दिवाळीच्या आधी पणत्या रंगवायच्या आणि उटण्याची पाकिटं भरायची. वडील नाहीत. आई म्हणाल्या, "मी विचारतो हो मॅडम, पण त्यांनी घरी बसवलं तर दिवसभर त्याच्याकडं बघायचं कोण? माझा रोजगार बुडाला तर खायचं काय?"

ही भीती पोकळ नाही. जवळपास दुसरी जागा नाही. शिवाय अठरा झाल्यावर शाळेनं हात वर केले, पुढे याच लोकांनी मुलाला घेतलं, हे आई विसरलेल्या नाहीत. त्यामुळे पैशाचा विषय काढणं त्यांना खाल्ल्या घरचे वासे मोजल्यासारखं वाटतं. मी त्यांना म्हटलं, मुलाला दिवसभर सांभाळणं हा एक व्यवहार आणि त्याच्याकडून विकायचा माल करून घेणं हा दुसरा. सांभाळायची फी संस्थेनं जरूर घ्यावी, पावती द्यावी. कामाचे पैसे मात्र वेगळे मांडावेत. दोन्ही हिशोब एकात कालवले की दरवेळी मजुरीच गडप होते.

मग दादाशी बोलले. हे बऱ्याच घरांत राहूनच जातं, अगदी प्रेमळ घरांतसुद्धा. काय काम करतोस म्हटल्यावर त्यानं माझ्या टेबलावरचं 'तरुण भारत' ओढलं, पान आडवं दुमडलं, घडीवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि तळ असा बसवला की खळ नसतानाही पिशवी उभी राहिली. दहा झाल्या की पुढच्या दहा आडव्या ठेवायच्या, म्हणजे मोजायला सोपं. त्याला विसाच्या पुढे मोजता येत नाही. ही युक्ती त्याची स्वतःचीच, आणि आता तिथले सगळे तशाच रचतात. याचे पैसे किती मिळतात, असं विचारल्यावर तो आईकडे बघायला लागला. पैसे पालक सभेत आईच्या हातात देत होते. आपल्याला काही मिळतं हेच त्याला ठाऊक नव्हतं!

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या १३ व्या कलमात दिव्यांग व्यक्तीला आपले पैशाचे व्यवहार पाहण्याचा इतरांइतकाच हक्क दिलाय. त्यासाठी लागेल ती मदत घरच्यांनी करायची, पण पैसा त्याचा. म्हणून पहिलं काम ठरलं ते त्याचं बँक खातं. आईंबरोबर जॉइंट.

थोरल्या भावाचा आक्षेप वेगळा. "तो इतरांच्या निम्म्या पिशव्या करतो. त्याला पूर्ण मजुरी कोण देईल?" असं म्हणणारा भाऊ वाईट नसतो, जमाखर्च बघणारा असतो. पण संथ काम करतो म्हणून मनाला येईल तेवढी रक्कम द्यायची मुभा संस्थेला कधीच नव्हती. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या २६ व्या कलमात दिव्यांग कामगारांच्या वेतनापुरती सूट देता यायची. ती सरकारनं द्यायची, संस्थेनं आपल्या मनानं घ्यायची नव्हे. त्या कायद्याच्या जागी आता २०१९ ची वेतन संहिता आली आहे. संस्थेचं यावर ठरलेलं उत्तर असतं, ही मुलं कामगार नाहीत, प्रशिक्षणार्थी आहेत. असतील. पण आठ वर्षं पिशवीचं प्रशिक्षण? एवढ्यात एमबीबीएस होऊन पोरगं दवाखाना थाटतं.

पेन्शनचं काय, हा प्रश्न येतोच. दिव्यांग पेन्शनला उत्पन्नाची अट आहे, आणि मर्यादा बदलत राहते. म्हणून खात्यात पगार सुरू व्हायच्या आधी नाडकचेरीत, म्हणजे जवळच्या महसूल कार्यालयात, नीट विचारून घ्या. ग्रामपंचायतीतल्या व्हीआरडब्ल्यूला, म्हणजे दिव्यांगांसाठी नेमलेल्या गावच्या पुनर्वसन कार्यकर्त्याला, बरोबर न्या. कागद कन्नडमध्ये असतात, आणि वाचता येत नाही म्हणून आपले लोक परत येतात. व्हीआरडब्ल्यूचं कामच हे आहे.

आईंनी तक्रार केली नाही. जिल्हा दिव्यांग कल्याण अधिकारी आहेत, कामगार खातं आहे, बेंगळुरूला राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत, पण तो पुढचा टप्पा. आणखी दोन पालकांना घेऊन त्या चिटणिसांना भेटल्या आणि तीनच गोष्टी मागितल्या. महिन्याला किती पिशव्या झाल्या, दुकानदारानं काय दर दिला, आणि त्यातून काय काय कापलं. एकटी आई गेली की ती हट्टी ठरते. तिघी गेल्या की चहा येतो.

चहा आला. चिटणीस आधी दुखावले, मग त्यांनी रजिस्टर उघडलं. कागद, खळ, गाडीचं डिझेल, दोन शिक्षिकांचा पगार. ऑर्डरी गणपती-दिवाळीला, एरवी माल पडून. त्यांचं म्हणणं खरं होतं. पण शिक्षिकांचा पगार मुलांच्या मजुरीतून निघत होता, हेही त्याच रजिस्टरात दिसलं. तो खर्च देणग्यांतून, अनुदानातून किंवा उघडपणे लावलेल्या फीमधून काढावा, पिशव्यांतून नव्हे, हे मी नंतर त्यांना स्वतः सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही.

आता सकाळी शिकवणं आणि जेवणानंतर काम अशी वेळ वाटून घेतलीय. प्रत्येकाच्या नावाची वही आहे. मागच्या महिन्यात दादाच्या खात्यावर अकराशे रुपये आले. किमान वेतनाच्या जवळपासही नाहीत, आणि हे मी आईंना तसंच सांगितलं. कोणालाही घरी बसवलेलं नाही. एका पालकानं मात्र संस्थेला कशाला दुखवायचं म्हणून अंग काढून घेतलं.

गाडीभाडं अजून मजुरीतूनच कापतात. ते बंद करून त्याची वेगळी पावती द्यावी, असा अर्ज आईंनी पुढच्या सभेसाठी दिलाय. व्हीआरडब्ल्यूकडून कन्नडमध्ये लिहून घेतला आणि खाली दादाची सहीपण घेतली.