रबरवाले इअरबड्स की बिनरबराचे? रोज रेल्वेनं अप-डाउन करणाऱ्यानं कोणते घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जालना ते छत्रपती संभाजीनगर रोजचं अप-डाउन, बजेट अडीच हजार, आणि दोन जोड्या नजरेत भरल्यात. एक कानात आत जाणारी, सिलिकॉनच्या रबराची, नॉइज कॅन्सलेशनवाली, म्हणजे बाहेरचा गोंगाट दाबणारी. दुसरी दांडीवाली, रबर नसलेली, कानाच्या तोंडाशी नुसती टेकणारी. आवाज कुणाचा चांगला, कान कशानं कमी दुखतील, आणि आईला कीर्तन ऐकायला त्यातली कुठली चालेल?

मी परभणी-नांदेड अप-डाउन करते, चार वर्षं झाली. दोन्ही प्रकार माझ्याकडे आहेत. बिनरबराची जोडी मी स्वतः हौसेनं घेतली, रबरवाली भावानं भाऊबीजेला घातली. कंपन्यांची नावं सांगत नाही, कारण या किमतीत मॉडेलं भराभर बदलतात आणि खरा फरक बडच्या आकारात आहे.

गाडीसाठी रबरवाली घ्या. आता का ते सांगते, कारण मी आधी नेमकं उलटं केलं होतं.

बिनरबराच्या खोक्यावर १३ एमएमचा ड्रायव्हर (बडमधली आवाज काढणारी चकती) असं मोठ्या अक्षरात छापलेलं होतं, रबरवालीच्या १० एमएमचा. मला वाटलं, मोठा ड्रायव्हर म्हणजे बेसही मोठा. तसं काही नसतं. बेस म्हणजे खालचे जाड सूर, आणि ते कानाचं भोक नीट बंद असेल तरच आत टिकतात. जराशी फट राहिली की सगळ्यात आधी तेच निसटतात. बिनरबराच्या बडला फट असतेच, त्याची घडणच तशी आहे.

घरी पडताळायचं असेल तर पखवाज असलेलं एखादं कीर्तन लावा. मी रात्री पंखा बंद करून लावलं होतं. बिनरबराच्या बडमध्ये बुवांचा आवाज मोकळा, समोर बसून गाताहेत असा. टाळही सुटे सुटे ऐकू येतात. पण पखवाजाच्या डाव्या बाजूची, कणीक लावलेल्या तोंडाची जी धुम असते, ती पोचतच नाही, नुसती थाप लागल्याचं कळतं. मग बोटानं बड हळूच आत दाबून धरला. आली की धुम! बोट काढलं, गेली. तेच बड, तेच रेकॉर्डिंग, फरक फक्त बोटाचा.

रबरवालीत धुम पहिल्यापासून आहे, खरं तर जरा जास्तच आहे. या किमतीतले बहुतेक बड बेस फुगवून विकले जातात, कारण दुकानात दोन मिनिटं ऐकणाऱ्याला तोच आवडतो. माझ्या जोडीत बुवा पखवाजाच्या मागं जाऊन बसल्यासारखे वाटायचे आणि टाळ कानाला बारीक टोचायचा. बडच्या ॲपमध्ये इक्वलायझर आहे, म्हणजे जाड-बारीक सूर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय, त्यात खालचे दोन पट्टे थोडे उतरवले आणि सगळ्यात वरचा अगदी किंचित, तेव्हा बुवा पुढं आले. म्हणजे शांत खोलीत, गाण्यासाठी, मला आजही बिनरबराची जोडी जास्त आवडते. पण तुम्ही शांत खोलीत नाही, डब्यात बसणार आहात.

डब्यातला मुख्य आवाज म्हणजे चाकांची आणि रुळांची सततची घरघर. ती खालच्या सुरात असते, आणि नॉइज कॅन्सलेशन नेमकं तिथंच कामाला येतं. बडचा माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या उलटी लहर आत सोडतो. एकसारख्या, जाड आवाजाला हे जमतं. समोरच्या बाकावरच्या काकांचं राजकारण आणि चहावाल्याची आरोळी यांना फारसं जमत नाही, ते आवाज रबरानं अडतील तेवढेच अडतात. उन्हाळ्यात आमच्या खोलीतल्या कूलरवर हे फार मजेशीर कळतं. बटण दाबलं की कूलरची घुंई एकदम नाहीशी होते आणि मागं फक्त पाण्याची टपटप उरते, जी एरवी कधी ऐकूच येत नव्हती.

बिनरबराच्या बडमध्येही हल्ली ही सोय मिळते. ॲपलनं २०२४ मध्ये एअरपॉड्स ४ च्या एका प्रकारात दिली. पण भोक उघडं राहत असल्यानं अशा बडमध्ये तिचा जोर कमीच पडतो.

आणि हो, खोक्यावर एएनसी लिहिलंय की ईएनसी ते डोळे उघडे ठेवून वाचा. एएनसी म्हणजे हे वर सांगितलेलं नॉइज कॅन्सलेशन, तुमच्या कानासाठी. ईएनसी तुम्ही फोनवर बोलताना पलीकडच्याला गोंगाट कमी जावा म्हणून. स्वस्तातल्या कित्येक जोड्यांवर फक्त ईएनसी असतं आणि घेणारा नॉइज कॅन्सलेशन मिळालं म्हणून खूश होतो. आमच्या ऑफिसात दोघांचं असंच झालं.

आवाजाच्या पातळीचंही बघा. गाडीत बिनरबराचे घातले की माझ्या फोनचा आवाज जवळजवळ शेवटपर्यंत जायचा, तरी निम्मे शब्द घरघरीत बुडायचे. रबरवालीत निम्म्यावर भागतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगते, आणि आवाज त्यापुढं जरासा वाढवला तरी हे तास भराभर कमी होतात. रोजचे येऊन-जाऊन दोन-अडीच तास धरले तर हा मुद्दा बेसपेक्षा मोठा आहे.

आता आराम. सगळीकडं वाचायला मिळतं की बिनरबराचे बड आरामशीर, कारण आत काही घुसत नाही. माझ्या बाबतीत हे साफ खोटं निघालं. रबराच्या टोप्या लहान-मध्यम-मोठ्या अशा तीन मापांत येतात, बिनरबराचा बड मात्र एकाच मापाचा, कडक प्लॅस्टिकचा. माझे कान लहान. पाऊण तासानं पाळीच्या वरच्या खाचेत ती कड रुतायला लागते आणि नांदेड येईपर्यंत तिथं लाल वळ उठतो. माझ्या भावाचे कान मोठे, त्याला तोच बड इतका सैल होतो की मान वळवली की बाहेर. तुमचे कान कसे आहेत हे मला काय माहीत, पण आधी कुणाचे तरी असे बड तासभर घालून बघा. पाच मिनिटांत कुठलाच बड दुखत नाही.

पडण्यावरून आठवलं. मे महिन्यात स्टेशनपर्यंत स्कूटीवर येते ती डोक्याला स्कार्फ गुंडाळून, आमच्याकडं त्याशिवाय बाहेर पडता येत नाही. (गाडी चालवताना बड घालत नाही, तुम्हीही घालू नका.) एकदा गाडीत चढून बसल्यावर उकडायला लागलं म्हणून पूर्णा स्टेशनात स्कार्फ ओढून काढला, तर दांडी त्यात अडकली आणि डावा बड उडून कुठं गेला ते कळलंच नाही. मी बाकाखाली वाकलेली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय हुडकायलात ताई? कानातलं पडलं का?" म्हटलं हो, कानातलंच. अख्खा डबा कुडी शोधायला लागला. शेवटी एका पोराला तो शेंगांच्या टरफलांत सापडला आणि त्यानं तो असा नाखुशीनं हातात ठेवला, सोन्याचं काही निघालं नाही म्हणून.

रबरवाले पडत नाहीत, पण त्यांचे त्रास वेगळे. कान बंद असल्यानं आपलाच आवाज डोक्यात घुमतो. फोनवर बोलताना मी नकळत हळू बोलायचे आणि पलीकडून "काय? काय?" सुरू. फुटाणे खात ऐकायचं तर विसरा, डोक्यात गिरणी चालते. जिना चढताना पावलं धप्प धप्प. आणि उन्हाळ्यात घाम: तास झाला की भोक चिकट होतं, खाज सुटते. मी तसेच दामटून घालत राहिले आणि कान दुखायला लागला. डॉक्टरांनी आठ दिवस बंद करायला लावले आणि सांगितलं की ओल्या कानात रबर घालायचं नाही, मध्ये मध्ये काढून कान मोकळा ठेवायचा. तेव्हापासून पूर्णेला गाडी थांबली की काढते, सुटली की घालते. टोप्या आठवड्यातून एकदा बडवरून काढून साबणाच्या पाण्यानं धुते आणि पूर्ण वाळल्यावरच चढवते. एका बाजूचा आवाज कमी झाला तर बड बिघडला असं लगेच धरू नका, आधी जाळीवरचा मळ कोरड्या ब्रशनं झाडा.

टोपीचं माप मात्र मन लावून निवडा. खोक्यातून निघते ती मध्यम असते आणि बहुतेक लोक तीच वर्षभर घालतात. माझ्या डाव्या कानाला लहान लागते, उजव्याला मध्यम. दोन्ही कान सारखे असतातच असं नाही. घालताना दुसऱ्या हातानं कान वर आणि मागं ओढा, बड जरा फिरवत बसवा, आणि "आ" म्हणा. आवाज रांजणात तोंड घातल्यासारखा आला तर बसला. कोरडा आला तर फट आहे, आणि मग तो सगळा बेस आणि नॉइज कॅन्सलेशनचे पैसे त्या फटीतून गेले. मोठी टोपी घालून दडपून बसवू नका, तिनंच कान दुखतो.

बड ठेवायची, चार्ज करायची डबी उन्हात उभ्या स्कूटीच्या डिकीत ठेवू नका. तापलेल्या डिकीत या चिमुकल्या बॅटऱ्या लवकर म्हाताऱ्या होतात आणि बदलून सहसा मिळत नाहीत.

तुमच्या आईंसाठी यातलं काहीच नको, असं मी म्हणेन. मी माझ्या आईला बिनरबराचे देऊन पाहिले. घरात कुकरची शिट्टी, दाराची कडी ऐकू यायला हवी म्हणून. तिच्या कुड्यांना काही अडचण झाली नाही. पण ती पदर सारखा करायला हात वर नेई आणि बोट बडला लागलं की कीर्तन बंद. दोन दिवस तिला वाटत होतं की बुवाच मध्ये मध्ये थांबायलेत. तिसऱ्या दिवशी डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तुझं तुलाच लखलाभ." मग छोटा ब्लूटूथ स्पीकर आणून दिला, तो आता देवघराजवळच्या फळीवर असतो आणि शेजारच्या काकूही भिंतीपलीकडून ऐकतात.