इंजेक्शनने डोळे जातात का हो?

"ताई, ते आठवड्याचं इंजेक्शन मी बंद केलंय. डोळे जातात म्हणे त्याने."

पन्नाशी ओलांडलेल्या काकू, शुगर बरीच जुनी. या इंजेक्शनने, म्हणजे सेमाग्लुटाइडने, वजन उतरत होतं, शुगरही. मग भाचीने व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी पाठवली आणि इंजेक्शनचं पेन फ्रिजच्या दारात तसंच पडून राहिलं. डॉक्टरांना पत्ताच नाही.

बातमी खोटी नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. "काही होत नाही हो" म्हटलं की पेशंटचा विश्वास तिथेच उडतो. 2024 मध्ये बोस्टनच्या नेत्रतज्ज्ञांनी आपल्या रुग्णांच्या नोंदी तपासून ही शंका मांडली. 2025 मध्ये युरोपच्या औषध नियामकाने हा अतिदुर्मीळ दुष्परिणाम मान्य केला. दहा हजारांत फार तर एकाला. डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा अचानक तुटतो. दुखत नाही. बहुधा सकाळी उठल्यावर एका डोळ्यापुढे अंधारी, कधी वरचा किंवा खालचा अर्धा भागच गायब. गेलेली नजर बऱ्याचदा परत येत नाही.

"तुम्हाला नेमकं काय होतंय?"

"पेपर धूसर दिसतो."

समोरच्या भिंतीवर कालनिर्णय होतं. एकेक डोळा झाकून तारखा वाचायला लावल्या. दोन्हीकडे सारखंच पुसट, अंधारी कुठेच नाही. शुगर भराभर उतरली की डोळ्याचं भिंग बदलतं, चष्म्याचा नंबर काही आठवडे हलतो. तसंच असावं, पण निदान डोळ्यांच्या डॉक्टरांनीच करायचं.

"डोळ्याच्या आतल्या पडद्याची, रेटिनाची तपासणी कधी केली होती?"

"चष्म्याच्या दुकानात नंबर काढला की!"

म्हणजे थेंब घालून, बाहुली मोठी करून कोणी पाहिलंच नव्हतं. मला खरी धास्ती इथे वाटली. पडदा आधीच बिघडलेला असेल आणि शुगर झपाट्याने उतरली, तर सुरुवातीला बिघाड वाढू शकतो. 2016 च्या एका मोठ्या चाचणीत पडद्याची गुंतागुंत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत 3 टक्के, न घेणाऱ्यांत 1.8 टक्के होती. आणि औषध सोडून शुगर चढीच ठेवली, तर पडदा वाचतो थोडाच!

लगेच चिठ्ठी देऊन पाठवलं. पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके निघाले, लेसरची गरज नव्हती. नस ठीक. मधे खंड पडल्याने डॉक्टरांनी इंजेक्शन सर्वांत लहान डोसपासून पुन्हा सुरू केलं, पडद्याची पुढची तारीखही दिली. नव्या चष्म्याची ऑर्डर थांबवली. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं, तर डोस न घेता त्याच दिवशी डोळ्यांचं हॉस्पिटल गाठायचं, हे काकांनाही समजावलं.

"एक सांगू?" काका म्हणाले. "ही घोरते फार. मधेच श्वास अडकतो."

तेही फाइलमध्ये लिहिलं. झोपेत श्वास अडकणाऱ्यांना नसेचा हा धोका मुळातच जास्त असतो.