कारवान कुत्र्याचा गुडघा गेलाय, घाई करू नकोस

भावा, जतच्या माळावर पळताना कुत्रं एकदम केकाटलं आणि मागचा पाय उचलून आलं, म्हणजे काटा मोडला असं समजून लोक पंजाच चाचपत बसतात. मीही बसलो होतो, चार दिवस. नीट बघ: उभं राहताना नुसती बोटं टेकवतंय का? बसताना पाय बाजूला फेकतंय का? मग गुडघ्याचा लिगामेंट, म्हणजे हाडं जोडून धरणारा पट्टा, तुटला असायची शक्यता धर. डॉक्टर नडगीचं हाड पुढं सरकतंय का ते हातानं बघतात, एक्स-रे काढतात. जवळपास सोय नसेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचार.

आपली कारवान अंगानं सडपातळ, चरबी जवळजवळ नाहीच. त्यामुळं भुलीच्या काही औषधांतून ती फार उशिरा शुद्धीवर येतात. ऑपरेशनआधी डॉक्टरांना कुत्र्याची जात आठवणीनं सांग. घरातली दुखण्याची गोळी मात्र अजिबात देऊ नकोस, आयबुप्रोफेन तर विषच.

खरी परीक्षा नंतर. ऑपरेशनात हाड कापून प्लेट बसवली असेल तर ते जुळायला 8 ते 12 आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यातच गडी बरा झाल्यासारखा उड्या मारतो, आणि तिथंच मालक फसतो. माझ्या कुत्रीनं मांजर बघून ओट्यावरून उडी घेतली, स्क्रू ढिला झाला, पुन्हा खर्च. पट्टा लावून पाच-पाच मिनिटं चालव, गुळगुळीत फरशीवर पोती अंथर, भाकरी कमी कर. आणि दुसऱ्या पायावर लक्ष ठेव, पुष्कळदा पुढं तोही जातो.